राखीवचा एकुलता एक सामना

माझ्या नवऱ्याला संघात सगळे राखीव म्हणतात. आहे गोलकीपर, पण दुसरा. पहिल्या गोलकीपरला काही झालं तर हा. आता पहिल्याचं असं आहे की अकरा वर्षांत त्याला साधी शिंकसुद्धा आली नाही. माणूस आहे की दगड, देव जाणे. त्यामुळे राखीव दर आठवड्याला घरून निघायचा, सामन्याआधी पहिल्याकडे चेंडू मारमारून त्याचं अंग मोकळं करून द्यायचा, मग जाड कोट घालून बाकावर बसायचा आणि संध्याकाळी घरी यायचा. पगार वेळेवर मिळत होता, तक्रारीला जागा नव्हती. पण व्यावसायिक क्लबात अकरा वर्षं काढलेल्या या माणसाच्या नावावर एकही सामना नव्हता.

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. दिवसभर "क्लच, क्लच, अहो क्लच!" असं ओरडून माझा आवाज आणि माझा पारा दोन्ही कायम चढलेले असतात. फुटबॉल मला कळत नाही. मला बाक कळतो. बाकावर कोण पेंगतो, कोण कोटाच्या बाहीत लपवून बिस्किटं खातो, कोचने हात वर केला की कोण घाईघाईने बुटाच्या नाड्या आवळायला लागतो, हे मला कोणीही विचारावं. पुढे मैदानात बावीस माणसं काय करत असतात हे मात्र मला नंतर लोकांना विचारावं लागायचं.

आणि मग एका गुरुवारी पहिल्याला शिंक नाही आली, पण तोंड आलं. म्हणजे सुटलं. आदल्या सामन्यात तो रेफरीला असं काही बोलला की रेफरीने लाल कार्ड तर दाखवलंच, वर लीगने एका सामन्याची बंदी घातली. कोचचा फोन आला तेव्हा राखीव भांडी घासत होता. फोन ठेवून त्याने पुन्हा भांडी घासायला घेतली, आणि एकच पातेलं तो इतका वेळ घासत राहिला की शेवटी मी ते हातातून काढून घेतलं.

"काय झालं?"

"रविवारी मी आहे," तो म्हणाला.

"कुठे?"

"आत. गोलात."

सासूबाईंनी त्या दिवशी फोन खाली ठेवलाच नाही. ज्या नातेवाइकांशी आमचं बोलणं नव्हतं त्यांनाही त्यांनी कळवलं, आणि ज्यांच्याशी होतं त्यांना दोनदा. प्रत्येकाला शेवटी एकच वाक्य, "पोरगं वाळलंय हो बाकावर बसून बसून." वाळलेल्या पोराला त्या रात्री त्यांनी तिसऱ्यांदा वाढलं.

आता तो सामना किती महत्त्वाचा होता तेही सांगते. अजिबात नव्हता. हंगाम संपत आला होता. आमचा क्लब दुसऱ्या श्रेणीत बरोबर मध्यावर होता, समोरचाही तिथेच. जिंकून कोणी वर चढणार नव्हतं, हरून कोणी खाली घसरणार नव्हतं. जगाला त्या सामन्याशी काडीचं देणंघेणं नव्हतं. पण हंगामाबरोबर राखीवचा करारही संपत होता, पुढच्या वर्षी क्लब नवा तरुण गोलकीपर आणणार होता, आणि पहिला पुढच्या आठवड्यात परत येणार होता. म्हणजे आमच्या घरापुरता हा सामना पहिला होता आणि शेवटचाही.

रविवारी सामन्यातला पहिला गोल खाल्ला तो त्यानेच. चेंडू डावीकडे, हा उजवीकडे. सासूबाई म्हणाल्या, "चेंडूच चुकला." मग आमच्या पोरांनी एक फेडला. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, राखीव आमच्या समोरच्या गोलात आला, आणि काय सांगू! एक पायाने अडवला, एक पोटाने, एक कशाने अडवला ते त्यालाही कळलं नाही. मी पहिल्यांदाच मान वळवून मैदानाकडे बघत होते. मानेला सवय नव्हती, चांगलीच अवघडली.

आणि सामना संपायला वीस मिनिटं उरली असताना आमच्या पोरांनी पलीकडच्या टोकाला दुसरा गोल मारला. दोन-एक! सगळे धावत सुटले, एकमेकांच्या अंगावर पडले, कोचने सहायकाला उचललं, सहायकाने पाण्याच्या बाटल्या उचलल्या. पण गोलकीपरचं दुःख असं असतं की आनंद नेहमी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो. राखीव या टोकाला एकटा. तो दोन पावलं पुढे धावला, थांबला, मागे वळला. मिठी मारायला जवळ कोणीच नाही म्हटल्यावर त्याने उडी मारून गोलाची आडवी दांडी पकडली आणि तिला लटकून झोके घ्यायला लागला. मी टाळ्या वाजवत होते. सासूबाई "पडशील रे" म्हणाल्या.

तेवढ्यात कडाड् आवाज झाला. दांडी मधोमध मोडली, राखीव खाली, जाळी त्याच्यावर, आणि जाळीवर दांडीचे दोन तुकडे.

आधी सगळं मैदान गप्प झालं. मग जाळीतून एक हात वर आला आणि हलला. त्यानंतर लोक जे हसायला लागले ते काही थांबेचनात. समोरच्या संघाचे खेळाडू हसत होते, चेंडू आणून देणारे हसत होते, रेफरीने शिट्टी तोंडात धरून ठेवली होती म्हणून बरं. राखीव तेवढा हसत नव्हता. तो दांडीचे दोन तुकडे एकमेकांना जोडून बघत होता.

मग सुरू झाली दुरुस्ती. मैदान सांभाळणारे काका दोरी घेऊन धावत आले आणि दोन खांबांना ताणून बांधायला लागले. रेफरी म्हणाला, "दोरी चालत नाही. नियमात स्पष्ट लिहिलंय." काकांनी झेंड्याची काठी आणली. आखूड पडली. शिडी आणली. शिडी दांडीच्या जागी बसली बरं का, पण रेफरी म्हणाला, "चेंडू दोन पायऱ्यांमधून गेला तर गोल द्यायचा की नाही ते मला सांगा." काकांनी शिडी परत उतरवली. सरावाच्या मैदानावर सुटा गोल होता, पण तो साखळीने बांधलेला आणि किल्ली काकांच्या मेव्हण्याकडे. मेव्हण्याला फोन लावला. तो समोरच्याच स्टँडमध्ये बसून हसत होता, त्याला फोनची रिंग ऐकू आली नाही. आली तेव्हा कळलं की किल्ली घरी आहे आणि घराला कुलूप आहे आणि बायको बाजारात आहे.

रेफरीने बराच वेळ वाट पाहिली. मग दोन्ही कर्णधारांना बोलावलं, हात हवेत आडवे फिरवले आणि सामना तिथेच थांबवला. लोक हसत हसत घरी गेले. आम्हीही निघालो. सासूबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "जिंकलो ना पण?"

राखीव म्हणाला, "ठाऊक नाही."

दुसऱ्या दिवशी क्लबच्या ऑफिसात चिटणीसांनी आम्हाला सगळं समजावून सांगितलं. चिटणीस म्हणजे सडपातळ, काळजीखोर माणूस. बोलता बोलता स्वतःच्याच शर्टाचं बटण तोडतात. ते म्हणाले, सामने काही पहिल्यांदा थांबत नाहीत. धुकं पडलं म्हणून थांबतात, दिवे गेले म्हणून थांबतात, मैदानात तळं साचलं म्हणून, प्रेक्षक आत घुसले म्हणून, मारामारी होऊन एखाद्या संघात सातपेक्षा कमी माणसं उरली म्हणूनही थांबतात. "गोलकीपरला आनंद झाला म्हणून थांबलेला माझ्या माहितीत हा पहिलाच," असं म्हणून त्यांनी राखीवकडे असं पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी गप्प बसले. कधीकधी मी गप्प बसते.

"मग आता पुढे काय?" मी विचारलं.

"तीन गोष्टी होऊ शकतात. एक, थांबलेला सामना पुसून टाकायचा आणि पहिल्यापासून नवा खेळायचा. दोन, ज्याच्यामुळे थांबला त्याला हरलेला धरायचं, समोरच्याला तीन-शून्य असा विजय द्यायचा. तीन, उरलेली वीस मिनिटं खेळायची. तोच स्कोअर, तीच माणसं, जिथून थांबलं तिथून पुढे."

"पुसून टाकायचा म्हणजे?" राखीवने विचारलं. खुर्चीत तो अगदी कडेवर बसला होता.

"म्हणजे झालाच नाही असं समजायचं. गोल नाहीत, कार्डं नाहीत, कोण खेळलं त्याची नोंद नाही. नवा सामना पुढच्या आठवड्यात होईल. तेव्हा पहिल्याची बंदी संपलेली असेल."

घरी पोचल्यावर दारात बूट काढता काढता राखीव म्हणाला, "मी पोटाने अडवला होता ना गं तो?"

"अडवला होता."

"आणि तो झालाच नाही?"

मला असा राग आला, असा राग आला, की तो कोणावर काढावा हेच कळेना. त्या दुपारी शिकायला आलेल्या एका बिचाऱ्या बँक मॅनेजरला मी भर चौकात रडवलं.

लीगच्या शिस्त समितीने सुनावणी ठेवली. आम्ही माझ्याच गाडीतून गेलो, छतावर "शिकाऊ चालक" असा बोर्ड. पुढे राखीव, मागे चिटणीस आणि सासूबाई. सासूबाईंना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांना कुठे कोणी बोलवावं लागत नाही.

चिटणीस वाटेत राखीवला पढवत होते. "हे बघ, इकडे आड तिकडे विहीर आहे. दांडी कच्ची होती म्हटलं तर मैदान आपलं, चूक आपली, सामना गेला. दांडी पक्की होती आणि तू लटकून मोडलीस म्हटलं तर खेळाडू आपला, बेशिस्त आपली, तरी सामना गेला. तेव्हा तू लटकलासच नाहीस. तू खाली उभा होतास आणि ती आपोआप पडली."

"पण चार हजार लोकांनी पाहिलं," राखीव म्हणाला.

"ते लांब बसले होते!"

समितीचं ऑफिस एका औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. लांब टेबल, तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत अध्यक्षीणबाई, चष्मा नाकाच्या टोकावर. एका बाजूला निवृत्त रेफरी, दुसऱ्या बाजूला एक गृहस्थ जे पूर्ण वेळ फक्त मान हलवत होते. समोरच्या क्लबाकडून कडक इस्त्रीचा वकील आला होता आणि त्याच्या शेजारी त्यांचा गोलकीपर. त्याला सगळे डोंगर म्हणतात. तो बसला होता म्हणून खुर्ची दिसत नव्हती.

वकिलाने सुरुवातच तोफेने केली. निष्काळजीपणा, बेजबाबदारपणा, खेळाचा अवमान. दांडी कुजकी होती, असं तो म्हणाला.

हे ऐकल्याबरोबर निवृत्त रेफरी खुर्चीत ताठ झाले. "कुजकी? कोणी सांगितलं कुजकी? हंगामाच्या सुरुवातीला त्या मैदानाची तपासणी कोणी केली होती ठाऊक आहे?"

"कोणी?"

"मी!"

मान हलवणाऱ्या गृहस्थांनी मान हलवली. वकील हुशार, त्याने ताबडतोब गाडी वळवली. दांडी अत्युत्तम होती, म्हणाला, म्हणजेच ती या माणसाने मुद्दाम मोडली. चिटणीसांनी शर्टाचं दुसरं बटण तोडलं.

अध्यक्षीणबाईंनी चष्म्यावरून राखीवकडे पाहिलं. "तुम्ही दांडीला लटकलात का?"

चिटणीस जोरात खोकले. राखीव उभा राहिला. एवढा उंच माणूस, पण शाळेत उभा केल्यासारखा दिसत होता.

"हो, लटकलो."

"मोडायची म्हणून?"

"नाही. आनंद झाला म्हणून."

"आनंद झाला की माणूस लटकतो?"

"जवळ मिठी मारायला कोणी नव्हतं," तो म्हणाला. "सगळे तिकडच्या टोकाला होते."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी छताकडे बघत राहिले. सासूबाई सरळ रडायला लागल्या, आणि मोठ्याने म्हणाल्या, "मला बोलवायचंस की रे!"

वकील उठला. "भावना बाजूला ठेवू. कबुली मिळालेली आहे. जबाबदार गोलकीपर असं कधीच करत नाही. आमच्या गोलकीपरलाच विचारा."

माशी शिंकली ती इथे. त्याने विचारायला नको होतं. डोंगर सावकाश उठला, खुर्चीही त्याच्याबरोबर थोडी उठली.

"मी पण लटकलो होतो," तो म्हणाला.

वकिलाने त्याचा कोट धरून खाली ओढला. डोंगर काही खाली येईना.

"पहिल्या अर्ध्या वेळात तो गोल माझ्याकडे होता ना. तेव्हा दोनदा लटकलो. चेंडू वरून गेला की आम्ही लटकतोच. तो बाहेर जाणार हे आम्हाला आधीच ठाऊक होतं असं दाखवायचं असतं. ठाऊक नसतं, पण दाखवायचं असतं." मग राखीवकडे बघून म्हणाला, "दुसऱ्यांदा लटकलो तेव्हा कर्र असं काहीतरी वाजलं. मला वाटलं, माझीच पाठ."

वकील डोक्याला हात लावून बसला. आता प्रश्न असा पडला की दांडी नक्की कोणाच्या वजनाने गेली. मान हलवणारे गृहस्थ पहिल्यांदाच बोलले. ते म्हणाले, "खाली औषधाच्या दुकानात वजनकाटा आहे."

आणि खरंच, सगळी समिती जिना उतरून खाली गेली. रस्त्यावर दुकानाच्या दारात तो काटा. पुढे अध्यक्षीणबाई, मागे निवृत्त रेफरी, मग दोन गोलकीपर, वकील, चिटणीस, मी. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या लोकांना वाटलं, रांग आहे, तेही उभे राहिले. सासूबाई दारात आडव्या झाल्या. "माझ्या मुलाला चारचौघांत तोलणार? दृष्ट लागेल!" मी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. राखीव काट्यावर चढला. आकडा बघून सासूबाई म्हणाल्या, "काटा बिघडलाय. एवढा नाहीये तो." मग डोंगर चढला. काटा सरकत सरकत पार टोकाला गेला, तिथे थांबला आणि थरथरत राहिला. दुकानदार म्हणाला, "साहेब, उतरा हो, नवीन आहे."

निकाल तिथेच फुटपाथवर झाला. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, दांडी चांगली होती, हेतू कोणाचा वाईट नव्हता, भार दोघांनी टाकला. कोणीच दोषी नाही तेव्हा कोणालाच सामना फुकट द्यायचा नाही. "उरलेली वीस मिनिटं बुधवारी सकाळी खेळा. प्रेक्षक नकोत. मैदानावर जे होते तेच. आणि दांडीला कोणी हात लावायचा नाही!"

मी आनंदाच्या भरात अध्यक्षीणबाईंना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, ठीक आहे," आणि खरं सांगते, त्यांनीही मारली. परत जाताना मी गाडी उलट्या गिअरमध्ये टाकली आणि औषधाच्या दुकानाच्या पायरीला धडकवली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. बोर्ड शिकाऊ चालकाचा होता म्हणून कोणी काही बोललं नाही.

प्रेक्षक नकोत म्हटल्यावर माझं काय? पण रुग्णवाहिका हजर नसेल तर सामना सुरूच होत नाही, हे चिटणीसांनीच सांगितलं होतं, आणि क्लबच्या रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर माझा विद्यार्थी निघाला. तीन वेळा नापास होऊन चौथ्यांदा पास झालेला, माझ्या आवाजाला अजून दचकणारा. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र माझ्याकडे होतंच. ड्रायव्हिंग शिकवायला ते लागतं. "मदतनीस म्हणून येते मी," असं मी त्याला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

बुधवारी सकाळी रिकाम्या मैदानात आम्ही गोलाच्या जवळच गाडी लावली. नवी दांडी पांढरीशुभ्र होती. राखीव गोलात आला आणि दांडीपासून इतका लांब उभा राहिला की कोच ओरडला, "अरे, गोल मागे आहे, मागे!" रिकाम्या मैदानात सगळं ऐकू येत होतं. बुटांचे आवाज, श्वास, कोचच्या शिव्या. त्यातल्या काही मला नवीन होत्या.

मधोमध चेंडू ठेवला, शिट्टी वाजली आणि वीस मिनिटं सुरू झाली. दोन-एक.

समोरच्यांनी काय हल्ला चढवला! बहुतेक वकिलाने चिथवलं असावं. ज्या सामन्याला काही अर्थ नव्हता त्यात ते जिवावर उदार होऊन खेळत होते. राखीव या खांबाकडून त्या खांबाकडे पळत होता. एक चेंडू मुठीने मारला, एक छातीशी धरला आणि त्याच्यावर असा पालथा पडून राहिला की रेफरीला सांगावं लागलं, "सोडा आता." शेजारी ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, सीट फाटेल." मी खाली बघितलं तर सीटचं कव्हर माझ्या मुठीत.

शेवटचं मिनिट आलं. त्यांचा एक काटकुळा पोरगा आमच्या दोन खेळाडूंना चुकवून पुढे घुसला, समोर फक्त राखीव. पोराने पाय मागे घेतला आणि मी डोळे घट्ट मिटले.

फट् असा आवाज आला. मग काहीच नाही.

डोळे उघडले तर राखीव गुडघ्यांवर बसला होता, हात नाकावर, बोटांतून रक्त. चेंडू रेषेबाहेर गेला होता. म्हणजे अडवला होता, तोंडाने. रेफरी धावत आला, वाकून बघितलं आणि कोचला विचारलं, "दुसरा गोलकीपर?" कोच म्हणाला, "हाच दुसरा!" बाकावर गोलकीपर नव्हताच. माणसं रविवारचीच ठेवायची होती, आणि रविवारी पहिला बंदीत होता ना. रेफरीने घड्याळाकडे पाहिलं आणि चेहरा असा केला की मी ओळखला. तोच चेहरा, रविवारचा.

मी पेटी घेऊन सुटले. ड्रायव्हर मागून "मॅडम, बोलावल्याशिवाय जायचं नसतं!" म्हणत होता. "थांबवायचा नाही!" मी ओरडले. "खबरदार सामना थांबवलात तर! अर्धा कॉर्नर उरलाय फक्त!"

"अर्धा कॉर्नर नसतो, बाई," रेफरी म्हणाला.

"मग अख्खा खेळा!"

मी राखीवचं डोकं धरलं. नाक भलत्याच दिशेला होतं. "दुखतंय?" विचारलं.

"खूप," तो म्हणाला, आणि हसायला लागला. दोन्ही नाकपुड्यांत कापूस कोंबला, वर घट्ट पट्टी ओढली. रक्त थांबलं. रेफरीने दोनदा तपासलं आणि मला मैदानाबाहेर जायला सांगितलं, तेही चांगल्या शब्दांत नाही. कॉर्नर आला, गोलासमोर गर्दी झाली, डोंगरसुद्धा त्यांचा गोल सोडून वर आला होता, आणि त्या सगळ्या डोक्यांमधून एक कापसाचं नाक उंच उठलं आणि चेंडूवर मूठ बसली. चेंडू पार मध्यावर गेला. शिट्टी वाजली. लांब, तीनदा.

संपला. झाला. पूर्ण झाला! पोरं धावत आली ती त्याच्याच अंगावर. कोच, काका, या वेळी किल्ली घेऊन हजर असलेला तो मेव्हणा, सगळे. मला कोणीतरी ढकललं, मीही त्या ढिगाऱ्यात पडले, आणि खाली कुठूनतरी राखीवचा आवाज येत होता, "नाक, नाक, नाक!"

रुग्णवाहिकेला अखेर काम मिळालं. राखीव स्ट्रेचरवर झोपायला तयार नव्हता, बसूनच होता, माझ्या शेजारी, अंगाला चिखल, तोंडाचा फुगा झालेला. थोडा वेळ त्याने आपले हात उलटेसुलटे करून बघितले.

"आता तर कोणी पुसणार नाही ना?" त्याने विचारलं. कापसामुळे आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"कोणाची हिंमत आहे!"

"शेवटचा तो. तोंडावरचा. पाहिलास ना?"

हो म्हणणं किती सोपं होतं. सगळ्या मैदानात त्याची म्हणावी अशी एकच प्रेक्षक, आणि तिने नेमके तेव्हाच डोळे मिटलेले. पण या माणसाने समितीपुढे स्वतःला वाचवायलासुद्धा खोटं सांगितलं नव्हतं.

"नाही पाहिला," मी म्हटलं. "डोळे मिटले होते मी. भीती वाटली."

मला वाटलं, आता हा खचणार. पण तो माझ्याकडे वळला आणि त्या सुजलेल्या तोंडातले डोळे अक्षरशः चमकले.

"खरंच नाही पाहिलास? काहीच नाही?"

"काहीच नाही."

"मग थांब, सांगतो," तो म्हणाला, आणि सरसावून बसला. अकरा वर्षं हा घरी येऊन मला सामने सांगत आला होता. पहिल्याने कसा अडवला, पहिल्याने कशी उडी घेतली. इतक्या प्रेमाने सांगायचा की "आणि तुझं काय?" असं मीही कधी विचारलं नाही. आज त्याने तोंड उघडलं आणि पहिलाच शब्द निघाला, "मी."

मला रडू फुटलं. त्याला वाटलं, नाकामुळे. "अगं, नाकाचं काही नाही, ऐक तर. मी काय केलं, तो पोरगा डावीकडून येतोय असं दिसलं ना, तर मी आधी..."

"मॅडम," ड्रायव्हर पुढून म्हणाला, "या गल्लीतून घेतो, दोन मिनिटांत हॉस्पिटल."

"दोन मिनिटांत कशाला?" मी ओरडले. "नाक कुठे पळून जातंय? लांबच्या रस्त्याने घे!"